जाधव म्हणजे कोण?

दोन महिन्यांपूर्वी मुलुंड पश्चिमेला एका जोडप्याचं घर जवळजवळ ठरलं होतं. दोघंही आमच्या अभ्यासवर्गातले. तो बँकेत, ती पालिकेच्या शाळेत शिक्षिका. वन बीएचके, चौथा मजला, जुनी पण नीट राखलेली इमारत, स्टेशन चालत बारा मिनिटांवर. भाव ठरला, मालकानं पंचवीस हजारांचं टोकन घेतलं, बँकेत लोनची फाईल लागली. मग एका रात्री ब्रोकरचा फोन आला. "साहेब, एक विचारायचं राहिलं. जाधव म्हणजे मराठा ना? शहाण्णव कुळी?"

"नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"अच्छा, अच्छा. काही नाही, सहज विचारलं."

तिसऱ्या दिवशी टोकन परत आलं. मालकाचा मुलगा अमेरिकेहून परत येतोय, त्यामुळे घर विकायचं नाही, असा निरोप मिळाला. पंधरा दिवसांनी तोच फ्लॅट, तेच फोटो, तोच भाव पुन्हा जाहिरातीत दिसला.

या प्रकरणात मालक मराठी होता. सोसायटीचा सेक्रेटरी मराठी, ब्रोकर मराठी. खाली नोटीस बोर्डावर हळदीकुंकवाचं आमंत्रण मराठीतच लावलेलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण उपनगरातल्या घरांचा विषय निघाला की तो लगेच 'मराठी विरुद्ध गुजराती' या रुळावर नेला जातो, आणि आमचा प्रश्न तिथेच खाली उतरवला जातो.

सप्टेंबर २०२३ मधली मुलुंडचीच घटना आठवा. ऑफिससाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी बाईंना इमारतीतल्या लोकांनी सांगितलं की इथे महाराष्ट्रीयन लोकांना जागा देत नाही. त्यांनी व्हिडिओ टाकला, महाराष्ट्रभर गाजला. मनसेचे लोक पोचले, माफी मागायला लावली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या बाईंच्या बाजूनं आम्हीही बोललो, पुन्हा तशी वेळ आली तरी बोलू. त्यानंतर पार्ल्यातून 'पार्ले पंचम' या संस्थेनं मागणी केली की नव्या इमारतींत पहिलं एक वर्ष निम्मी घरं मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत. २०२४ मध्ये अनिल परब यांनी विधान परिषदेत त्याच आशयाचं अशासकीय विधेयक मांडलं.

या मागणीला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की त्या 'मराठी माणसा'त आम्ही येतो का? कागदावर येऊ, यात शंका नाही. कांबळे, गायकवाड, सोनवणे, मोरे ही नावं मराठी नाहीत असं कोणी म्हणणार नाही. पण बिल्डरनं निम्मी घरं मराठी माणसांसाठी ठेवली आणि त्यातलं एक घर पुढच्या वर्षी मराठी मालकानं विकायला काढलं, तर फोनवर "जाधव म्हणजे कोण?" हा प्रश्न विचारायचा थांबणार आहे का? पार्ल्यात, डोंबिवलीत, बोरिवलीत मराठी मालकांनी मराठी भाडेकरूंना आडनावावरून परत पाठवल्याचे किस्से आमच्यातल्या प्रत्येकाकडे आहेत. त्या वेळी कोणाची अस्मिता दुखावली नव्हती. भाषेवरून नाकारलं तर अपमान, आणि जातीवरून नाकारलं तर 'ज्याचं घर त्याची मर्जी', असा हा हिशेब आहे.

आता 'व्हेज'बद्दल. घाटकोपर पूर्वेला, मुलुंडला, बोरिवलीत एलआयसी कॉलनी सोडली तर अनेक ठिकाणी, अंधेरीच्या काही पट्ट्यांत 'ओन्ली व्हेज फॅमिली' हे वाक्य जाहिरातीत सर्रास असतं. पुष्कळ लोकांना ती खाण्यापिण्याची आवड वाटते. आमच्या एका मैत्रिणीनं, जी खरोखर शाकाहारी आहे, लहानपणापासून, एकदा हे तपासून पाहिलं. ती म्हणाली, आम्ही व्हेज आहोत. पलीकडून विचारलं गेलं, "जैन की ब्राह्मण?" तिनं "बौद्ध" सांगितल्यावर भाजीपाल्याची चौकशी संपली. 'व्हेज' हा शब्द जात न विचारता जात विचारायची सोय आहे. मुसलमान, ख्रिश्चन, कोळी, आगरी, आदिवासी आणि आम्ही एवढे सगळे त्या एका शब्दात बाहेर काढता येतात आणि कोणावर गुन्हाही दाखल होत नाही.

या शहरात हे काल सुरू झालेलं नाही. समाजशास्त्र शिकताना मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास वाचला तेव्हा आम्हाला पहिला धक्का हाच बसला होता. गावदेवीतली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ साली नोंदली गेली. या शहरातल्या सहकारी सोसायटीच्या इतिहासाची सुरुवातच तिच्यापासून धरतात. म्हणजे 'सहकार' आणि 'जात' या दोन गोष्टी मुंबईत एकाच पायावर बांधल्या गेल्या. नंतर दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींना पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी अशी नावं पडली आणि नकाशावरच कोण कुठे राहणार ते लिहिलं गेलं. त्याच काळात, १९२७ मध्ये, देवनारचं डंपिंग ग्राउंड सुरू झालं. आजही शहराच्या त्या टोकाला कोण राहतं ते बघा. समुद्रकिनाऱ्याचं शहर म्हणायचं, आणि आमच्या वाट्याला मात्र खाडी यायची.

हे नुसतं आमचं गाऱ्हाणं नाही. २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांचा अभ्यास आला. २००१ च्या जनगणनेची वॉर्डनिहाय आकडेवारी घेऊन त्यांनी सात महानगरं तपासली, त्यात मुंबईही होती. निष्कर्ष असा की शहरांत लोक वेगवेगळे राहतात ते आर्थिक-सामाजिक स्तरापेक्षा जातीच्या रेषेवर जास्त. 'पैसा आला की जात कोणी विचारत नाही' असं सांगणाऱ्या आपल्याच काकांना हे दाखवा. पैसा आल्यावरच तर विचारतात. झोपडी घेताना कोणी शहाण्णव कुळी का म्हणून विचारलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? इथे चळवळीतल्या मुलांनी नीट लक्ष द्यावं, कारण अर्धवट माहितीवर आपण भांडायला जातो आणि पोलीस ठाण्यातून हात हलवत परत येतो.

एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण अहमदाबादचं. सोसायटीच्या उपविधीत सभासद फक्त पारशी असावा अशी अट होती. न्यायालयानं ती अट वैध ठरवली. संघटना स्थापण्याचं स्वातंत्र्य, कलम १९(१)(क), हा त्याचा आधार होता, आणि सहकार कायद्यात अशी अट घालायला मनाई नाही, हेही कारण होतं. अमेरिकेत १९४८ सालीच 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की काळ्या माणसाला घर विकू नये असे करार कोर्ट अमलात आणणार नाही. पुढे १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घर विकताना आणि भाड्यानं देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. तिथला वर्णभेद त्यानं संपला नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण नाकारल्या गेलेल्या माणसाच्या हातात निदान एक कलम आलं. आपल्याकडे तेवढंही नाही.

बाबासाहेबांनी मात्र दार उघडं ठेवलं होतं. आजच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांच्या वापरात भेदभाव करायला मनाई आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हा शब्द संकुचित अर्थानं घेतलेला नाही, जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो. २०११ मध्ये खासगी कॉलेजच्या प्रवेशाबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं याच उत्तराचा आधार घेतला. मग जाहिरात देऊन, बोर्ड लावून, दलाली घेऊन घर विकणारा ब्रोकर आणि बिल्डर त्या शब्दात का येऊ नये? हा युक्तिवाद कोर्टात नेटानं लढवला गेला पाहिजे. आपल्यात वकील पुष्कळ झालेत.

दुसरं हत्यार आणखी जवळचं आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात 'आर्थिक बहिष्कार' याची व्याख्या आहे. अनुसूचित जातीच्या माणसाशी व्यवहार करायला नकार देणं, किंवा नेहमीच्या धंद्यात ज्या अटींवर व्यवहार होतो त्या अटींवर त्याच्याशी व्यवहार न करणं, हे त्यात येतं. ठरलेला सौदा जात कळल्यावर मोडणं याला दुसरं काय म्हणायचं? आणि आपण बौद्ध आहोत म्हणून हा कायदा लागू नाही, असं सांगणारे अधिकारी अजून भेटतात. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातींच्या यादीत घेतलं आहे. जातीचा दाखला सोबत ठेवा.

अडचण पुराव्याची आहे. टोकन परत करणारा माणूस कधीच कारण सांगत नाही. त्याचा मुलगा अमेरिकेहून येतो, सासू आजारी पडते, पत्रिका जुळत नाही.

म्हणून मग आपली तरुण मुलं दोन वाटा काढतात. त्या दोन्हींबद्दल आम्हाला बोलायचंय.

पहिली वाट लपवण्याची. घर बघायला जाताना गळ्यातलं लॉकेट आत सरकवायचं, गाडीवरचा निळा स्टिकर काढायचा, आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांगायचं, रजिस्ट्रेशन झाल्यावरच भिंतीवर बुद्धाचा फोटो लावायचा. आम्ही याला नावं ठेवत नाही. आमच्यातल्या काहींनी हेच केलंय, आणि रात्री झोप लागली नाही हेही त्यांनी सांगितलंय. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात नोकरीसाठी राहायला जागा मिळेना, तेव्हा ते एका पारशी सरायीत पारशी नावानं उतरले. थोड्याच दिवसांत पारशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिश्चन मित्र, दोघांनीही घरात घेण्याचं टाळलं. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. त्यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय. लपवून मिळालेलं छप्पर किती दिवस टिकतं, हे आपल्याला त्यांच्याच आयुष्यातून कळतं. आज काठ्या घेऊन कोणी येणार नाही. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १४ एप्रिलला 'ट्रॅफिक जॅम करणारे लोक' असा मेसेज येतो, आणि लपवून राहणारा माणूस त्याला उत्तर देऊ शकत नाही.

दुसरी वाट म्हणजे आपलीच सोसायटी काढायची. 'ते सारस्वतांची काढतात, जैनांची काढतात, मग बौद्धांची का नको? २००५ चा निकाल आपल्यालाही लागू आहे.' हा युक्तिवाद आता बैठकांमध्ये जोरात ऐकू येतो. आपल्या आधीच्या पिढीनं बौद्धांच्या सोसायट्या काढल्या, त्यांनी किती लोकांना आधार दिला हे आम्हाला ठाऊक आहे. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव दलानं गोळीबार केला, दहा माणसं मारली गेली. त्या दिवसानंतर वस्ती एकत्र होती म्हणून टिकली, हेही खरं. वस्तीची ताकद आम्ही कमी लेखत नाही. आम्ही तिथूनच आलोय.

पण नवं घर घेताना वेगळेपणाचा आग्रह आपण धरावा का, याला आमचं उत्तर नाही असंच आहे. गावाबाहेरची वस्ती आपल्यासाठी दुसऱ्यांनी ठरवली होती, ती आपण आठव्या मजल्यावर स्वतःच्या पैशानं कशाला बांधायची? ज्या उपविधीच्या विरोधात लढायचं, तोच उपविधी आपल्या सोसायटीत लिहिला तर कोर्टात कुठल्या तोंडानं उभं राहणार? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वीस वर्षांहून जास्त राहिले. पुढे त्यांनी राजगृह बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत. वस्ती सोडली अशी टीका तेव्हाही झाली असेल. पण तो पत्ता निवडण्याचा हक्क त्यांनी वापरला.

रमाबाई नगराचाच पुनर्विकास आता सुरू झालाय, एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करतंय. पात्र माणसाला तीनशे चौरस फुटांचं घर मिळेल. ते घ्यावंच, परिशिष्ट दोनमध्ये नाव तपासावं, भाड्याचे चेक वेळेवर येतात का बघावं. पण झोपु योजना जिथे जिथे झाल्या तिथे पुनर्वसनाची इमारत एका बाजूला आणि विक्रीचा टॉवर दुसऱ्या बाजूला, दोघांची गेटं वेगळी, मध्ये भिंत, असं चित्र आपण रोज बघतो. तिथून भिंतीपलीकडे जायला निघालेल्या मुलाचं काय होतं, हाच या लेखाचा विषय आहे.

आता पैशाचं. उपनगरात साध्या वन बीएचकेला कोटीच्या आसपास मागतात. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे कोटीच्या घराला पंचवीस लाख खिशातून. वर सहा टक्के मुद्रांक शुल्क, तीस हजार नोंदणी, ब्रोकरचे टक्के. तीस-बत्तीस लाख रोख. ईएमआय आपली मुलं पगारातून भरतील. हे तीस लाख पगारातून येत नाहीत. ते बापाच्या जुन्या फ्लॅटमधून, आजोबांच्या शेतीतून, आईच्या सोन्यातून येतात. आमच्या आजोबांकडे महार वतन होतं. ते वतन म्हणजे गुलामी आहे, हे सांगत बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, पण परत मिळालेल्या जमिनीवर सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी अट राहिली. शेजारच्या पाटलाचा नातू जमीन विकून अंधेरीत फ्लॅट घेतो. आपल्या सातबाऱ्यावर मात्र ती अट, आणि पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याचाच नांगर. आणि आमचे वडील? रेल्वे, बेस्ट, पालिकेची सफाई खाती. घर सर्व्हिस क्वार्टरचं. निवृत्तीला चावी परत करायची, नाहीतर मुलानं वारसा हक्कानं तोच झाडू हातात घ्यायचा, म्हणजे खोली राहते. एका खोलीसाठी एम.ए. झालेली पोरं सफाईत लागलेली आम्ही पाहिलीत.

या सगळ्यात एकच दार असं आहे जिथे आडनाव विचारून कोणी टोकन परत करत नाही. म्हाडाची सोडत. २०२३ मध्ये मुंबई मंडळाच्या ४,०८२ घरांसाठी एक लाख वीस हजारांच्या आसपास अर्ज होते. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के राखीव. नशीब लागतं, घर लागूनही कर्ज न मिळाल्यानं परत करावं लागलेले लोक आहेत, किंमतीही आता सामान्य माणसाच्या राहिलेल्या नाहीत. तरी त्या सोडतीची एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. तिथे कोणालाच शेजारी निवडता येत नाही. संगणक ज्याचं नाव काढेल तो तुमच्या दारासमोर राहायला येतो. बिल्डरकडून म्हाडाला येणारी घरं वाढवा, अशी मागणी आपल्या मोर्चात क्वचितच असते. पुतळ्याच्या उंचीवर आपण जेवढे निवेदनं देतो, त्याच्या निम्मी यावर दिली असती तरी चाललं असतं. हे ऐकून काही जण रागावतील, रागवावं.

मागणी साधी आहे. घर विकताना, भाड्यानं देताना, सभासद करून घेताना जात, धर्म, आहार आणि भाषा यांवरून नकार दिला तर तो गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा करा. मराठी माणसाच्या घराचं विधेयक ज्यांनी मांडलं त्यांनी त्यात 'जात' हा शब्द घालून दाखवावा, आम्ही त्यांच्यासोबत आझाद मैदानावर बसू.

तोवर हातात असलेलं वापरायचं. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, निर्णय तीन महिन्यांत कळवला नाही तर मानीव सभासदत्वासाठी उपनिबंधकांकडे जा. हस्तांतर शुल्क पंचवीस हजारांच्या वर मागता येत नाही. कोणी 'डोनेशन' मागितलं तर पावती मागा. ब्रोकरशी बोलणं फोनवर न करता मेसेजवर करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. नकारानंतर तोच फ्लॅट पुन्हा दिसला तर दुसऱ्या आडनावाच्या मित्राला चौकशी करायला सांगा आणि दोन्ही संभाषणं जपा. मुलुंडच्या प्रकरणात आमच्याकडे जाहिरातीचे दोन स्क्रीनशॉट आहेत, टोकन परत आल्याची नोंद आहे, पण जात विचारल्याचा फोन रेकॉर्ड केलेला नाही. तिथेच ते अडलंय. ठाण्यात अर्ज दिलाय, पोच मिळाली आहे, गुन्हा अजून नोंदलेला नाही.

ते जोडपं आता भांडुप-कांजूरमार्गला घर शोधतंय. तिनं पद्धत बदलली आहे. ब्रोकरला पहिलाच मेसेज जातो, "आम्ही बौद्ध आहोत. चालणार असेल तर रविवारी घर बघायला येतो." गेल्या महिन्यात सात जणांना पाठवला. तिघांनी वेळ दिली, एकानं 'जय भीम ताई' लिहिलं, तिघांनी वाचून सोडून दिलं. ते तीन मेसेज तिनं पुसलेले नाहीत.